ग्रीसमध्ये अकरा रात्री : बेटे किती आणि शहरे किती?

मुळाकाठ (पुणे)

सर्वांना नमस्कार. येत्या सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही तिघे, म्हणजे मी, माझे यजमान आणि माझ्या ७१ वर्षांच्या सासूबाई, ग्रीसला जाण्याचे ठरवत आहोत. हाताशी अकरा रात्री आहेत. एका सहल कंपनीकडून आराखडा मागवला, तो असा आला: अथेन्स एक रात्र, मिकोनोस तीन, सांतोरिनी तीन, क्रीट तीन आणि परतीच्या विमानाआधी पुन्हा अथेन्स एक रात्र. कागदावर तो देखणा आहे, परंतु वाचल्यापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही, आणि त्याचे कारण सांगितल्याशिवाय माझा प्रश्न नीट समजणार नाही.

माझे सासरे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवीत. अथेन्समधील पार्थेनॉन या प्राचीन मंदिराचे एक कृष्णधवल छायाचित्र पुठ्ठ्यावर चिकटवून ते वर्षानुवर्षे वर्गात नेत असत. निवृत्तीनंतर तो पुठ्ठा घरी आला आणि आजही आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. त्यांना स्वतःला ग्रीस पाहता आले नाही. ते मंदिर एकदा प्रत्यक्ष पाहावे, एवढीच सासूबाईंची इच्छा आहे. आम्हा दोघांना समुद्राची ओढ आहे आणि चार दिवस उन्हात, पाण्याकाठी निवांत बसावेसेही वाटते. मात्र ज्या जागेसाठी मुळात घराबाहेर पडायचे, तिच्या वाट्याला एक धावती सकाळ आणि बेटांच्या वाट्याला नऊ रात्री, ही वाटणी मला पटत नाही.

सासूबाई सपाटीवर दोन-अडीच किलोमीटर आरामात चालतात, पण गुडघ्यांमुळे पायऱ्या चढताना त्यांना फार त्रास होतो. त्यांना बोटही लागते. पूर्वी एकदा मांडव्याच्या फेरीत त्या अगदी गळून गेल्या होत्या. आम्ही तिघेही शाकाहारी आहोत. यातील कोणते बेट गाळावे, पार्थेनॉन ज्या टेकडीवर आहे त्या अक्रोपोलिसवर त्यांना नेता येईल का, आणि समुद्र व इतिहास एकाच ठिकाणी मिळेल असे एखादे बेट आहे का, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास फार उपकार होतील.

दर्यावर्दी (उरण)

मुळाकाठताई, मी अनेक वर्षे व्यापारी जहाजांवर नोकरी केली आणि त्या काळात अथेन्सच्या पिरेअस बंदराशी माझा बराच संबंध आला. निवृत्तीनंतर पत्नीला घेऊन दोनदा प्रवासी म्हणून गेलो. त्यामुळे देवळांबद्दल इतरांनी लिहावे, मी पाण्याबद्दल लिहितो, कारण तुमच्या आराखड्यातील खरा दोष पाण्यावरच आहे.

मिकोनोस, सांतोरिनी आणि क्रीट अशी तीन बेटे नऊ रात्रींत बसवली की प्रत्येक मुक्कामातला एक दिवस बंदरावर जातो. सामान बांधायचे, खोली सोडायची, धक्क्यावर ताटकळायचे, जहाज उशिरा आले तर आणखी ताटकळायचे, आणि पलीकडे उतरून पुन्हा गाडी शोधायची. सासूबाईंच्या गुडघ्यांना अक्रोपोलिसपेक्षा याचाच जाच अधिक होईल. त्यातून क्रीट हे बेट म्हणून मोजण्यासारखे नाहीच. पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांबीचा तो एक प्रांत आहे. क्नोसोसचा राजवाडा, हेराक्लिओनचे संग्रहालय आणि हानियाचे व्हेनिशियन बंदर पाहायचे तर आठवडा हवा. तीन रात्रींसाठी तेथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. एजिअन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून जो वारा वाहतो त्याला तेथे मेल्टेमी म्हणतात. आकाश निरभ्र असते, ऊन लखलखीत असते आणि तरीही समुद्र पांढरा झालेला असतो. आपल्याकडे वादळ म्हणजे काळे ढग आणि पाऊस, म्हणून आपल्या माणसाला हे प्रथम उमगतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात तो बराच ओसरतो, पण संपतोच असे नाही. वारा बोफर्ट मापनपट्टीवर आठपर्यंत पोहोचला की बंदराचे अधिकारी प्रवासी जहाजांना मनाई करतात, आणि लहान जहाजांवर ती त्याआधीच येते. म्हणून परतीच्या विमानाच्या दिवशी, किंवा आदल्या दिवशीसुद्धा, बेटावरून बोटीने येण्याचे ठरवू नये. बेटे आधी करावीत आणि शेवटचे दोन-तीन दिवस मुख्य भूमीवर ठेवावेत. वाऱ्याने एखादा दिवस खाल्लाच तर तो त्या दिवसांतून जाईल, विमान हातचे जाणार नाही.

बोट लागण्यावर माझा उपाय असा की, कॅटमरान, म्हणजे जोड-तळाची वेगवान बोट, टाळावी आणि मोटारी वाहून नेणारे मोठे जहाज घ्यावे. कॅटमरान लवकर पोहोचवते, पण प्रवाशांना बहुधा आत बंद जागेत बसून राहावे लागते आणि लाटांवर ती जोरात आपटते. मी पुढे सुचवणार आहे त्या नाक्सोस बेटाला पिरेअसहून मोठ्या जहाजाने साधारण साडेपाच तास लागतात. तेवढ्या वेळात उघड्या डेकवर उभे राहता येते, क्षितिजाकडे नजर ठेवता येते आणि मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसले तर डोलणेही कमी जाणवते. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी घ्यावी; मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

सामान जहाजाच्या तळाशी, मोटारींच्या मजल्यावरील फळ्यांवर ठेवावे लागते. बेट जवळ आले की घोषणा होते, आणि त्यानंतर जहाज धक्क्याला केवळ काही मिनिटेच थांबते. वर जाण्यासाठी मोठ्या जहाजांवर सरकते जिने असतात आणि सहसा लिफ्टही असते. चढतानाच कर्मचाऱ्यांना सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल सांगावे. मी पाहिले आहे की म्हाताऱ्या माणसाला हात देण्यात हे लोक कधी कमी पडत नाहीत.

माझी सूचना अशी: अथेन्स तीन रात्री, नाक्सोस चार, सांतोरिनी एक, मग विमानाने अथेन्स गाठून तेथून मुख्य भूमीवरचे नाफ्प्लिओ गाव दोन आणि शेवटची रात्र अथेन्स. सांतोरिनीहून अथेन्सचे विमान तासाभराच्या आतच उतरते.

शिलालेख (नाशिक)

दर्यावर्दी यांच्या आखणीशी मी बव्हंशी सहमत आहे, एक बदल सोडून, तो पुढे सांगतो. प्रथम अक्रोपोलिसबद्दल.

सासूबाईंना तेथे निश्चित नेता येईल. टेकडीच्या उत्तर बाजूस लिफ्ट आहे, ती चालण्यास अडचण असणाऱ्यांसाठीच आहे. वारा फार असल्यास ती बंद ठेवतात, म्हणून तिकीट पहिल्या दिवसाचे काढावे आणि दुसरा दिवस राखीव ठेवावा. वर सिमेंटची सपाट वाट केलेली आहे. तिच्या बाहेरचा संगमरवर शतकानुशतकांच्या पावलांनी इतका गुळगुळीत झाला आहे की तरुण माणूसही घसरतो, तेव्हा रबरी तळव्याची पादत्राणे हवीत. प्रवेशाची वेळ तिकिटावरच ठरलेली असते. सकाळी आठची पहिली वेळ घ्यावी, कारण वर सावली जवळजवळ नाही.

आता त्या पुठ्ठ्यावरील छायाचित्राविषयी. पार्थेनॉनचे बांधकाम इ.स.पू. ४४७ मध्ये सुरू झाले. इक्तिनोस आणि कालिक्रातेस हे त्याचे स्थपती होते आणि शिल्पकामावर फिदिआसची देखरेख होती. पुढे ते चर्च झाले, मग मशीद झाले, आणि इतके होऊनही ते दोन हजारांहून अधिक वर्षे बरेचसे शाबूत होते. त्याचे आजचे भग्न रूप १६८७ सालचे आहे: तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता आणि वेढा घालणाऱ्या व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा त्यावर पडला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने उरलेल्या शिल्पांपैकी मोठा भाग इंग्लंडला नेला. हे आधी माहीत असले म्हणजे टेकडीच्या पायथ्याचे, २००९ मध्ये उघडलेले अक्रोपोलिस संग्रहालय वेगळे दिसते. त्याचा सर्वात वरचा मजला मंदिराच्या दिशेशी जुळेल असा फिरवून बांधला आहे. ग्रीसमध्ये राहिलेले शिल्पपट्ट त्यांच्या मूळ क्रमाने लावले आहेत आणि जे लंडनमध्ये आहेत त्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृती आहेत. मधाच्या रंगाचा जुना दगड आणि त्याच्या शेजारी तो पांढरा तुकडा, हे पाहताना मला फार वाईट वाटले. काचेतून समोर मंदिर दिसत राहते, बसायला बाके आहेत, लिफ्ट आहे. तुमच्या सासूबाईंनी तेथे हवा तितका वेळ बसावे. कदाचित त्यांना टेकडीवरच्यापेक्षा तेथेच अधिक जवळचे वाटेल.

समुद्र आणि इतिहास एकत्र असलेले बेट म्हणून नाक्सोसचे नाव मीही घेतले असते. जहाज बंदरात शिरताच डावीकडे संगमरवराची एक एकाकी चौकट दिसते. तिला पोर्तारा म्हणतात. इ.स.पू. सहाव्या शतकात लिग्दामिस या सत्ताधीशाच्या काळी आरंभलेले आणि कधीच पूर्ण न झालेले मंदिर होते, त्याचे हे दार. गावातून तेथपर्यंत बांधावरून चालत जाता येते, फक्त शेवटी थोडा चढ आहे. बेटाच्या आत सांग्री गावाजवळ देमेतेर या धान्यदेवतेचे मंदिर शेतांच्या मधोमध उभे आहे, आणि ते मला अतिशय आवडते. गर्दी नाही, आवाज नाही, भोवती खरोखरच पिके आहेत. आयोस प्रोकोपिओस आणि आया आन्ना या किनाऱ्यांवर वाळू मऊ आणि पाणी लांबवर उथळ आहे.

मिकोनोस गाळताना एकाच गोष्टीची खंत वाटते, ती म्हणजे शेजारचे डेलोस. या द्वीपसमूहाचे सायक्लेडीज हे नावच डेलोसभोवती बेटांनी धरलेल्या वर्तुळावरून आले आहे. अपोलोचे जन्मस्थान मानलेले हे बेट आयोनियन ग्रीकांचे पवित्र क्षेत्र होते, आणि आपल्या संस्कृत-प्राकृतातील ‘यवन’ हा शब्द याच आयोनियन नावाशी जोडलेला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील यवनांनी दान दिलेल्या खांबांवर त्यांचे लेख कोरलेले आहेत. लोणावळ्याला जाता-येता आपण ते पाहतो आणि पुढे निघतो. डेलोसवर ठेवलेला, अथेन्सच्या नेतृत्वाखालील नगरसंघाचा खजिना इ.स.पू. ४५४ मध्ये अथेन्सला हलवला गेला आणि सातच वर्षांनी पार्थेनॉनचे काम सुरू झाले, हाही संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. नाक्सोसहून हंगामात डेलोसला दिवसाच्या सहली निघतात. पण लहान बोट, रखरखीत ऊन आणि खडबडीत वाटा असल्याने तुम्ही दोघांनी जावे आणि सासूबाईंनी त्या दिवशी किनाऱ्यावर विश्रांती घ्यावी, हेच बरे.

माझा मतभेद सांतोरिनीच्या एका रात्रीबद्दल आहे. तेथे दोन रात्री हव्यात, त्याही सूर्यास्तासाठी नव्हे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकात तेथे झालेल्या महाभयंकर ज्वालामुखी उद्रेकाने आक्रोतिरी हे भरभराटलेले नगर राखेखाली गाडले गेले, आणि १९६७ मध्ये स्पिरिदोन मारिनातोस यांनी त्याचे उत्खनन सुरू केले. आज ते सर्व छताखाली आहे आणि आखलेल्या वाटांवरून फिरता येते. दुमजली घरे, जिने, धान्याचे रांजण जागच्या जागी आहेत. माणसांचे सांगाडे मात्र मिळाले नाहीत, म्हणजे लोक आधीच निघून गेले असावेत. तेथील निळ्या वानरांचे भित्तिचित्र फिरा गावातील प्रागैतिहासिक संग्रहालयात आहे. त्यांची शेपटी धरण्याची ढब पाहून काही अभ्यासकांनी २०१९ मध्ये असे मत मांडले की ती आपल्याकडची लंगूर जातीची वानरे असावीत. हे मत सर्वमान्य झाले नाही तरी त्या चित्रासमोर उभे राहिल्यावर मराठी माणसाच्या ओठांवर ‘हनुमंत’ हा शब्द आल्याशिवाय राहत नाही.

इसारकाठ (म्युनिक)

मी माझ्या आईवडिलांना दोन वर्षांपूर्वी याच महिन्यात नेले होते, म्हणून जेवणाबद्दल आणि सांतोरिनीबद्दल थोडे लिहिते.

शाकाहाराची काळजी करू नये. ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथात उपवासाचे दिवस पुष्कळ असतात आणि त्या दिवशी मांस, अंडी, दूधदुभते वर्ज्य असते. त्यामुळे भाज्या आणि कडधान्ये ऑलिव्ह तेलात शिजवण्याची त्यांची मोठी परंपरा आहे. अशा पदार्थांना ते ‘लादेरा’ म्हणतात. टोमॅटो आणि ढोबळी मिरचीत भात भरून भाजलेला ‘येमिस्ता’, टोमॅटोच्या रश्शातील मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे ‘यीगांदेस’, फरसबीचे ‘फासोलाक्या’ हे जवळजवळ सर्वत्र मिळतात. येमिस्तात कधी खिमा घालतात, म्हणून ‘होरिस क्रेआस’, म्हणजे मांसाविना, हे दोन शब्द पाठ करून ठेवावेत. एक सावधगिरी अशी की उपवासाच्या पदार्थांत कालवे, कोळंबी किंवा ऑक्टोपस चालतात, तेव्हा केवळ उपवासाचे आहे म्हणून निर्धास्त राहू नये. दही आपल्या चक्क्यासारखे घट्ट असते आणि त्यावर मध घालून देतात. माझे वडील रोज सकाळी तेच खात.

सांतोरिनीत ‘फावा’ अवश्य मागवावा. पिवळ्या डाळीचे ते मऊसूत वरण असते, वर कांदा, लिंबू आणि तेल. ती डाळ आपल्या विदर्भातल्या लाखोळी डाळीच्याच वनस्पती-कुळातील आहे. माझे माहेर भंडाऱ्याचे. आईने पहिला घास घेतला आणि काही न सांगताच ओळखले.

मात्र सांतोरिनीत मुक्काम कोठे करावा याचा विचार आधी करा. चित्रांत दिसणारी पांढरी घरे ज्वालामुखीच्या कड्यावर, एकाखाली एक अशी बांधलेली आहेत, आणि तेथील बऱ्याच खोल्यांपर्यंत पोहोचायला गाडीरस्त्यापासून पन्नास-साठ पायऱ्या उतराव्या लागतात. आमच्या आरक्षणात याचा उल्लेख नव्हता आणि आईला दोन दिवस खोलीतून हलणे कठीण झाले. कड्याऐवजी पूर्वेच्या सपाट बाजूला, कामारी गावात राहावे. तेथे काळ्या वाळूचा किनारा आहे आणि बसही मिळते. संध्याकाळी इया गावच्या गर्दीत जाऊ नये. फिरा ते इमेरोविग्ली या कड्यावर कोठेही बसले तरी समुद्र तोच आणि सूर्यही तोच. नळाचे पाणी त्या बेटावर पिऊ नये, बाटलीबंद घ्यावे. अथेन्समध्ये नळाचे पाणी चांगले आहे.

मुळाकाठ (पुणे)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. काल रात्री ही सर्व उत्तरे सासूबाईंना वाचून दाखवली. संग्रहालयातील पांढऱ्या प्रतिकृतींचा भाग ऐकून त्यांनी तो पुठ्ठा उतरवून आणायला सांगितला आणि सासरे यातील कोणते शिल्प वर्गात दाखवीत, ते आम्हाला बोट ठेवून सांगितले. पायऱ्या कितीही असोत, मी वर जाणार, असे त्या म्हणाल्या आहेत.

क्रीट आणि मिकोनोस आम्ही गाळत आहोत. सांतोरिनीला दोन रात्री द्यायच्या तर एक कोठून काढावी, एवढाच प्रश्न उरतो: नाक्सोसची एक, की नाफ्प्लिओची? नाफ्प्लिओबद्दल मला काहीच माहिती नाही.

शिलालेख (नाशिक)

नाक्सोसच्या तीन कराव्यात, पण नाफ्प्लिओला हात लावू नये. १८२९ पासून १८३४ पर्यंत ते स्वतंत्र ग्रीसच्या राजधानीचे गाव होते. जुन्या गावाचा चौक संगमरवरी फरशीचा आणि सपाट आहे, समुद्राकाठची वाटही सपाट आहे. पालामिदी किल्ल्याच्या पायऱ्या लोक ९९९ सांगतात, परंतु मागच्या बाजूने थेट दरवाजापर्यंत गाडीरस्ता आहे.

तेथून गाडी ठरवून एका दिवसात मायसीनी आणि एपिदाव्रोस ही दोन्ही प्राचीन स्थळे होतात. मायसीनीचा सिंहदरवाजा पार्थेनॉनहून सुमारे आठशे वर्षे जुना आहे. तेथवर चढ सौम्य आहे, पुढचा चढ सासूबाईंनी टाळावा. एपिदाव्रोसच्या नाट्यगृहात प्रेक्षकांसाठी दगडी आसनांच्या ५५ रांगा आहेत, खाली ३४ आणि वर २१. त्या चढण्याची त्यांना गरज नाही. त्यांना खालच्या रांगेत बसवून तुम्ही दोघांनी वर जावे आणि त्यांना मध्यभागीच्या गोलातून काहीतरी म्हणायला सांगावे. साध्या आवाजात बोलले तरी वर स्पष्ट ऐकू येते.

दर्यावर्दी (उरण)

एक राहिले. सायक्लेडीजकडे जाणारी मोठी जहाजे पिरेअसच्या मेट्रो स्थानकासमोरच्या धक्क्यांवरून सुटतात, आणि विमानतळावरून निघणारी निळी मेट्रो आता थेट तेथपर्यंत जाते. जहाज सकाळी लवकरचे असते, म्हणून त्या दिवशी मात्र हॉटेलातून टॅक्सीनेच जावे आणि तिकिटावरील दरवाजाचा क्रमांक चालकाला दाखवावा. बंदर फार पसरलेले आहे. चुकीच्या दरवाजाशी उतरलात तर सामान ओढत बरेच चालावे लागेल. नाक्सोसला पोहोचताना डाव्या बाजूच्या डेकवर उभे राहा, म्हणजे पोर्तारा सासूबाईंना आधी दिसेल.